मुठीची जागा

टॉर्कचा पाना मोठा मानी. लावलेल्या आकड्यापर्यंत नट आवळला की ‘टक्’ करून सांगतो. पुढे ओढाल तर तुमचं तुम्ही बघा. पण ते टक् खरं की खोटं, हे तपासायला कुणीतरी लागतं. घरातल्या धाकट्या सुनेची नोकरी तीच. तिच्या नणंदबाई बस डेपोत चाकं बसवायच्या. त्यांचा पाना सकाळीच तिच्याकडून तपासून गेला होता. तपासणीच्या यंत्रावर त्याचं टक् लावलेल्या आकड्यापेक्षा जरा जास्तीवर होत होतं, म्हणून तिने त्याची स्प्रिंग सैल करून दिली.

दुपारी दुसरा पाना आला, तोही जास्त. तिसराही तसाच. सगळे एकाच बाजूला कसे चुकतील? तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पाना मुठीच्या मधोमध धरायचा, हा या कामाचा पहिला धडा. पण दुखऱ्या खांद्याचा बाऊ नको म्हणून ती दोन्ही हातांनी ओढत होती, आणि डावा हात मूठ सोडून पुढे दांड्यावर गेला होता. हात पुढे सरकला की यंत्रावरचा आकडा फुगतो. म्हणजे नणंदेचा धडधाकट पाना तिनेच बिघडवला होता. आता नट पुरता आवळायच्या आधीच तो टक् करणार.

तिने फोन लावला. “ताई, त्या पान्याने कुठली चाकं बसवलीत?”

“फाटकाशी बस उभी आहे, तिची. निघतेच आहे. का गं?”

“सोडू नका तिला! नट सैल असतील. चूक माझी आहे, पान्याची नाही. खांदा दुखतोय, तपासताना हात सरकला.”

फोन कट. नणंदबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सुनेचा जीव टांगणीला.

संध्याकाळी नणंदबाई पाना घेऊन तिच्या तपासणीच्या खोलीच्या दारात. “सैलच होते. दुसऱ्या पान्याने आवळले, मग सोडली बस.”

“ताई, माझ्यामुळे...”

“गप्प बस. वाटेत चाक निखळलं असतं, तर माणसं जिवानिशी गेली असती आणि ठपका माझ्यावर आला असता. तुझ्याकडे कुणी बघितलंही नसतं. तरी तू फोन केलास.” त्यांनी पाना तिच्यापुढे ठेवला. “उपकार झाले गं. आणि खांदा दुखतो हे मला आधी सांगायला तोंड दुखत होतं का?”

इतक्या वर्षांत या बाईने टोमण्यांशिवाय काही दिलं नाही, असंच सून धरून चालली होती.

नणंदबाईंनी पाना यंत्रावर चढवला, मूठ मधोमध धरली. “ओढते मी. तू आकडा वाच.”

टक्.

“किती?”

“थांबा ताई,” सून म्हणाली, “आधी डोळे पुसते.”