खिडकीतला कप

थोरलीने सांडशीने कप उचलला. रिकामा, चहा पिऊन झालेला साधा कप. तो हातभर लांब धरून तिने त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि खिडकीच्या कठड्यावर उपडा घातला. मग साबणाने हात धुतले. सांडशीही धुतली.

धाकटी जाऊ पोटावर हात ठेवून ओट्यापाशीच उभी होती. तिला आठवा लागला होता. कप तिचा होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं," थोरली म्हणाली. "काळजी घेतलेली बरी."

"कपाबशीने नाही लागत हा आजार, ताई. रक्तातून लागतो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांचं काय जातंय सांगायला!"

बाळंतपणाआधीच्या तपासणीत धाकटीच्या रक्तात काविळीचा विषाणू निघाला होता, बी प्रकारचा. तेव्हापासून या घराला स्वच्छतेचा जो काही उमाळा आला होता, तो बघून शिसारी यावी. तिचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, बसायची खुर्ची वेगळी. तिने मीठ पुढे केलं की थोरला दीर आधी चमचा रुमालाने पुसायचा, मग मीठ घ्यायचा. सासूबाई जाता-येता "कुठून आणलंस गं हे?" म्हणून विचारायच्या. नवरा सगळं ऐकायचा आणि मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसायचा.

शेवटी ठरलं, रविवारी तिला माहेरी पोचवायचं. बाळंतपण तिकडेच होऊ दे. माहेर डोंगरापलीकडे, तिथे दवाखान्यात साध्या तापाच्या गोळीची मारामार. आणि इथल्या डॉक्टरांनी तर तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं की बाळ जन्मलं की पहिल्याच दिवशी लस टोचायची; उशीर झाला तर त्यालाही हे दुखणं जन्माचं चिकटू शकतं. धाकटीने ते जेवताना सगळ्यांना सांगितलं.

"आमच्या वेळी कुठे होत्या लशी?" सासूबाई म्हणाल्या. "झालेच ना दोन मुलगे? आहेत ना धडधाकट?"

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या सिस्टर घरातल्या सगळ्यांचं रक्त घ्यायला आल्या. दिराच्या कपाळावर लगेच आठ्या.

"आमचं कशाला? जिला आहे तिचं बघा ना."

"अहो, देशभर आहे हे. लाखो लोकांच्या अंगात असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. तुमच्या या गल्लीतसुद्धा चार जण निघतील."

"गल्लीत निघतील हो. गल्लीतली माणसं आहेतच तसली."

सगळे हसले. धाकटी सोडून.

सिस्टर हात धुवायला न्हाणीघरात गेल्या आणि दारातूनच वळल्या.

"हे रेझर कोणाचं?"

"आमचं. दोघा भावांचं," दीर छाती फुगवून म्हणाला. "मिसरूड फुटल्यापासून एकच वापरतो आम्ही. आमच्यात तुझं-माझं नाही."

बेसिनवर ते रेझर पडलं होतं. वाळलेला साबण, त्यात चिकटलेले केस, पात्याच्या कडेला तांबूस डाग. तो गंज होता की रक्त, देव जाणे. भावजयीने धरलेला चमचा पुसून घेणारा हा गृहस्थ रोज सकाळी त्याने गाल खरवडून घेत होता. शी!

सिस्टर दुसऱ्यांदा आल्या, तेव्हा तपासणीत काय निघालं ते एकेकाला आतल्या खोलीत बोलावून सांगते म्हणाल्या.

"सगळ्यांसमोर सांगा," दीर म्हणाला. "आम्हाला काय लपवायचंय?"

मग त्यांनी सांगितलं. तो विषाणू सासूबाईंना होता. त्यांच्या दोन्ही मुलग्यांना होता. बहुतेक जन्मापासूनच, आईकडून आलेला. लग्नाच्या थोडं आधी धाकटीने रक्तदान केलं होतं, तेव्हा तिचं रक्त स्वच्छ होतं, म्हणजे तिला तो याच घरात, नवऱ्याकडूनच मिळाला. सुटली होती ती थोरली. तिने नोकरीला लागताना लस घेतली होती. घाबरू नका, औषधं आहेत, सगळे तपासणीला या, असं सांगून सिस्टर गेल्या.

मग दिराने घसा खाकरला.

"लाखो लोकांना असतो म्हणाल्या त्या. देशभर. म्हणजे त्यात एवढं काही नाही."

"नाहीतर काय," सासूबाई म्हणाल्या. "माझी साठी उलटली. काय झालं मला?"

"कॉमन आहे आजकाल," नवरा म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने तोंड उघडलं ते यासाठी.

परवा गल्लीतली माणसं तसली होती. आज अख्खा देश यांचा सोयरा झाला! कोडगेपणा म्हणजे तरी किती असावा?

थोरलीने चहा टाकला. सगळ्यांचे कप फळीवरून काढले. धाकटीचा खिडकीतून घेतला. सांडशीने.

"ताई?"

"अगं, हात वळणावर गेला," थोरली ओशाळून म्हणाली. पण सांडशी काही खाली ठेवली नाही.

"सामान आजच बांधून ठेव," सासूबाईंनी बाहेरून सांगितलं. "रविवारी धांदल नको."

या माणसांची धाकटीला किळस आली होती, स्वच्छ, निव्वळ किळस. तिने सगळ्यांचा चहा पिऊन होऊ दिला.

"सांडशी द्या जरा, ताई."

थोरलीने दिली. धाकटी बाहेर गेली. तिने आधी दिरापुढचा कप उचलला, मग सासूबाईंचा, मग नवऱ्याचा. प्रत्येक कप हातभर लांब धरून आत आणला, त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि खिडकीच्या कठड्यावर उपडा घातला. नवरा दारात येऊन उभा राहिला होता. आत यायचा त्याला धीर झाला नाही.

स्वतःचा कप मात्र तिने हाताने उचलला, विसळला आणि फळीवर थोरलीच्या कपाशेजारी ठेवला.

"मी रविवारी जात नाही, आई," ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बाळंतपण इथल्याच दवाखान्यात होईल."

ती दाराकडे वळली.

"वाईट वाटून घेऊ नका हं. काळजी घेतलेली बरी."

मग तिने साबणाने हात धुतले. सांडशीही धुतली.