पाणी पिणारा दगड

द्वारकाचे आईवडील एकाच आठवड्यात दगड झाले. आधी वडील, मग आई. आमच्या पाथरगावात म्हातारी माणसं दगडच होतात, त्यात नवल ते काय! नवल एवढंच, की द्वारका आली. आईवडिलांच्या मनाविरुद्ध लग्न करून घाटाकडे गेली त्या दिवसापासून तिने या घराचं तोंड पाहिलं नव्हतं. आता आली ती थेट दगडांसमोर.

ओसरीवर दोघे शेजारी शेजारी ठेवले होते. वडील काळे कुळकुळीत, आरपार एकसारखे. आई पिवळसर, थरावर थर असलेली, कडेने जराशी भुसभुशीत.

रीत अशी, की एक दगड लेकीने न्यायचा, दुसरा लेकाकडे राहायचा.

"बोल ताई, कोणता न्याचा?" धाकटा भाऊ मनोहर म्हणाला. "बाबा का आई? गाडीवाला खोळंबला हाये."

द्वारकाला खरं तर दगड नकोच होता. तिला एकच गोष्ट हवी होती. आपल्याला माफ केलं होतं का, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि सांगणारी दोन्ही तोंडं बंद झालेली.

मनोहरची बायको शालू पुढे झाली. बाजारात माठ घेताना वाजवून बघतो ना, तशी तिने सासऱ्यांवर बोटाची पेरं वाजवली. खण्ण आवाज आला.

"यांच्यात काही नाही सापडाचं, ताई. यांचं सारं आगीचं. भडकले की लाल व्हायचे, अन् थंड झाले की झाले. आत काही ठेवलंच नाही त्यांनी."

"मी गेले त्या दिवशी दारात उभे राहून ओरडले होते. तू आम्हाला मेलीस म्हणाले," द्वारका म्हणाली.

"हो, ओरडले," मनोहर म्हणाला. "अन् दिवेलागणीला थंड झाले. मले विचारलं, पोरगी जेवली असन का रे?"

काय म्हणावं या कर्माला! बापाने जो शब्द संध्याकाळच्या आत टाकून दिला, तो द्वारकाने उचलून नेला आणि जन्मभर सांभाळला. सारं गाव म्हणायचं, द्वारका अगदी बापावर गेली, तशीच तापट, तशीच काळीकभिन्न. तिलाही तसंच वाटायचं.

शालूने सासूवर पेरं वाजवली. थप्प.

"आई कधी बोलल्याच नाहीत. जे आलं ते खाली बसू दिलं. त्यावर पुन्हा आलं, तेही बसू दिलं."

द्वारका विहिरीवर गेली आणि कळशी भरून आणली. तिच्या सासरी घाटावर झाडून सगळी माणसं काळाच दगड होतात. तिथे दगड उचलायच्या आधी त्याला आंघोळ घालतात. तिला दुसरं ठाऊकच नव्हतं. तिने वडिलांवर पाणी घातलं, ते सरळ ओघळून अंगणात गेलं. मग तिने कळशी आईकडे वळवली.

"ताई, नोका! गाळाच्या माणसाले पाणी घालत नसतात!" शालू म्हणाली.

पण आई प्यायली होती. घटाघटा, आवाज करत, साऱ्या वर्षांची तहान असल्यासारखी. थेंबही खाली सांडला नाही. मग पुरणपोळीचा पापुद्रा सुटावा तसा वरचा थर सुटला. त्याच्या आत एका ताटाचा ठसा होता. दोन वाट्या, पाण्याचा तांब्या, समोर पाट. दिवाळीचं ताट. द्वारकाने ते डोळे भरून बघेपर्यंत त्याचा चिखल झाला.

खालच्या थरातही ताट. त्याच्या खालीही. दर दिवाळीला वाढलेलं, कुणीही न जेवलेलं.

"आई गं, थांब! थांब ना गं!" द्वारका ओंजळीने चिखल सावरायला लागली. चिखल बोटांतून निसटत होता आणि आई कमी कमी होत होती. मी यायला हवं होतं, ती म्हणत होती, एकदा तरी यायला हवं होतं.

शेवटी तळाचा थर उरला. त्यात एका पावलाचा ठसा होता, उंबऱ्यातून बाहेर निघालेल्या. करंगळी वाकडी. द्वारकाने आपली वाकडी करंगळी पाहिली आणि त्या ठशात पाय ठेवला. तो अगदी बरोबर बसला. काढायला गेली तर निघेना. ओसरीवरचा चिखल हळूहळू तिच्या घोट्यांवर येऊन बसत होता, सावकाश, सपाट.

"ताई, सांग ना वं," मनोहर म्हणाला. "कोणता नेतं?"

शालू वाकली आणि तिने द्वारकाच्या गुडघ्यावर पेरं वाजवली.

थप्प.

"अहो, कापड आणा," शालू नवऱ्यावर ओरडली. "यांच्यावर पाणी पडू देऊ नका!" आणि कापडाची वाट न बघता तिने पदर ओढून घाईघाईने द्वारकाचे डोळे पुसायला सुरुवात केली.