श्वानस्पर्शाचा चमत्कार

व्हिडिओ आला तेव्हा खतिजा शिरोळच्या आपल्या दुकानात शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. पाठवणारा पृथ्वीराज, कोल्हापुरातल्या ‘सुखसंध्या’ वृद्धाश्रमाचा मालक. मागे बासरी, वर तिरपी अक्षरं: श्वानस्पर्शाचा चमत्कार! मौलाली आजोबा चालू लागले!

मौलाली म्हणजे तिचे अब्बा. बिद्रीच्या साखर कारखान्यात जन्मभर फिटर. विस्मरणाच्या आजारात आधी त्यांचे रस्ते गेले, मग माणसं गेली, त्यात खतिजाचं नावही गेलं. रमजान ईदेपासून तर ते खुर्चीतून आपणहून उठलेच नव्हते. असेच बसून राहिले तर कायमचे अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

पृथ्वीराज पुण्याला जाऊन कुठलासा कोर्स करून आला होता. येताना एक प्रमाणपत्र आणि हनी नावाची लॅब्राडोर कुत्री घेऊन आला. ज्यांना पोटची पोरं ओळखू येत नाहीत, त्यांच्या मांडीवर हे धूड टेकवायचं आणि फोटो काढायचा, याला तो थेरपी म्हणायचा. फोटो ग्रुपवर पडला की परगावची पोरं खाली बदाम टाकून आपल्या कर्तव्यातून मोकळी.

खतिजानं व्हिडिओ पुन्हा लावला. हनी अब्बांचा हात चाटते. अब्बा तो हात कपड्यांपासून लांब धरून उठतात आणि तरातरा बेसिनकडे निघतात. तिथं व्हिडिओ संपला. पुढचं बघायची अक्कल काढणाऱ्याला नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कुत्र्याची लाळ लागली तर हात धुतल्याशिवाय अब्बा घरात कशालाही शिवत नसत. तशा अंगानं नमाज चालत नाही, हे मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

शटर ओढून ती थेट आश्रमात गेली आणि पृथ्वीराजला उभा आडवा घेतला.

“तुमच्या कुत्रीची माया न्हाय लागली त्यास्नी,” ती म्हणाली. “ते हात धुवायला उठत्यात.”

पृथ्वीराजचा चेहरा उतरला. आम्ही आधी विचारायला हवं होतं, म्हणाला. आजपासून हनी त्यांच्या जवळपासही येणार नाही, असा शब्द दिला. तोवर त्याच्या गुणी कुत्रीनं हॉलमध्ये जाऊन अब्बांचा हात चाटलाही होता.

अब्बा उठले. खतिजा सावरायला धावली, तर तिला कोपरानं बाजूला सारून ते बेसिनशी गेले. साबण लावून पुन्हा पुन्हा हात चोळले. आणि मागं न बघता, घरातल्या त्या जुन्या जरबेनं म्हणाले, “खतिजा, टावेल आण.”

तिनं धावत टॉवेल आणून दिला.

“घरात कुत्रं कुणी घेतलं?”

“मी, अब्बा.”

“अक्कल हाय का न्हाय तुला, खतिजा? नमाजाची येळ झाली माझी.”

ते मनसोक्त रागावले आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. कित्येक महिन्यांत इतकं सुख तिला झालं नव्हतं. खुर्चीपर्यंत पोचले तोवर अब्बांचा राग ओसरला होता. बसल्यावर त्यांनी तिच्याकडे अदबीनं पाहिलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही कुणाकडं आलाय?”

ओढणीनं डोळे पुसत ती पृथ्वीराजकडे आली. मघाशी याला केवढं सुनावलं होतं, आणि आता आपण काय मागणार आहोत, यानं तिला स्वतःचीच शिसारी आली. अब्बांना रोज नापाक करायचं, का तर आपलं नाव ऐकायला मिळावं म्हणून.

“कुत्री कवा कवा आणता?”

“मंगळवारी आणायचो. पण आता नाही आणणार, काकू.”

“रोज आणा,” खतिजा म्हणाली.