पडद्यांचे नऊ मीटर

गणिताच्या स्पर्धेतला शेवटचा प्रश्न सोपा होता: दोन मीटर लांबीचे चार पडदे शिवायचे, तर कापड किती लागेल? समोरच्या मुलीने पाटीवर आठ लिहिलं, मी नऊ. ढाल ती घेऊन गेली.

मला रडू आलं नव्हतं, राग आला होता. त्याहून जास्त भीती. बाबांनी आठवडाभर शिलाई मशीन चालवता चालवता माझ्याकडून गणितं घोटून घेतली होती. आता दुकानात शिरून कोणत्या तोंडाने सांगू?

"हरले," मी दारातूनच सांगून टाकलं.

बाबांचा पाय थांबला नाही. "प्रश्न काय होता?"

मी प्रश्न सांगितला, माझं उत्तरही सांगितलं. मशीन थांबलं.

"वरचा एक मीटर कुठून आणलास?"

"वर पट्टी, खाली दुमड. एका पडद्यामागे पाव मीटर माया धरली."

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या आत्याने मान वरसुद्धा केली नाही. "त्या परीक्षकाच्या घरचे पडदे जमिनीपासून वीतभर वरच लटकत असणार," ती म्हणाली.

बाबा इतके हसले की ओठांत धरलेली टाचणी खाली पडली. माझ्या जिवात जीव आला.

मग त्यांनी कापडाची मोठी कात्री उचलली. तिला हात लावला म्हणून मी आजवर कितीदा बोलणी खाल्ली होती. ती त्यांनी मुठीकडून माझ्यापुढे धरली.

"त्या ताग्यातून चार पडदे काढायचेत. काप. मी बघणारसुद्धा नाही."