फक्कीचे गोल

आमची साक्षी अकरावीला गेली आणि घरात एकच धोशा सुरू झाला: कॉलेजला सायकलवर जाणार. मी म्हटलं, नाशकात गाड्यांनाच रस्ता पुरत नाही, तुला कोण देणार? ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर सायकल क्लबात मिरवता!" पोरीने बरोबर वर्मावर बोट ठेवलं.

मग आठवडाभर रोज सकाळी रस्ता शोधत फिरलो. जन्म कारकुनीत गेलेला, त्यामुळे सगळं वहीत. द्वारका चौक बाद. मुंबई नाका बाद. सर्व्हिस रोड तर सपशेल बाद. तिथे उलट्या दिशेने येणाऱ्यांचाच रुबाब जास्त. शेवटी वडाळा गावाच्या मागच्या गल्ल्यांत फक्कीचे, म्हणजे मैदान आखतात त्या भुकटीचे, गोल दिसले. दर वळणावर एक, ताटाएवढा, पांढराशुभ्र. माझा जीव भांड्यात पडला. रविवारच्या राइडआधी आमच्या क्लबचं कोणीतरी पुढे जाऊन अशाच खुणा करतं. गोल म्हणजे रस्ता बरोबर, बिनधास्त या. मी गोलांमागून गेलो. हायवेसुद्धा पुलाखालून ओलांडला आणि थेट कॉलेजच्या फाटकाशी पोचलो.

साक्षीला तोच रस्ता पाठ करून दिला. "गोल दिसला की समजायचं, बाबाने पाहिलेली जागा आहे." तीन आठवडे ती गेली, दुपारी हसत परत आली. मध्ये दोनदा धो धो पाऊस झाला, तरी गोल तसेच. क्लबवाले भलतेच मेहनती, असं मला वाटलं.

आज आभार मानायला म्हणून क्लबच्या इनायतभाईंना फोन केला. ते म्हणाले, "धम्मपालभाऊ, वडाळ्याकडे दिवाळीपासून आपण राइडच नेली नाही. गोल कुणी मारले?"

मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि सायकल काढली. पहिल्याच वळणावर सफाईवाल्या कुसाबाई झाडत होत्या. त्यांना विचारलं.

"झाडून झाडून हात दुखले साहेब, निघत नाय," त्या म्हणाल्या. "परवा तिकडच्या वळणावर पेपरवाला सायकलवरून जाताना मेला. काल हितं दूधवाला. पोलिसांनी पंचनाम्याला फक्की मारली ती ह्याच गोलावर. गोल महिन्यापासून हाय. गोल आधी येतो, माणूस मागनं."

"आणि पुढचे गोल?"

"ते अजून रिकामे हायेत."

साक्षीचा फोन लागेना. कॉलेज सुटून दहा मिनिटं झाली होती. मी आयुष्यात मारली नसेल इतकी जोरात सायकल मारली.

तिसऱ्या वळणावर ती समोरून येताना दिसली. आमच्या मध्ये गोल होता. ज्या गल्लीत मी कधी रिक्षासुद्धा पाहिली नव्हती, त्या आडव्या गल्लीतून पाण्याचा टँकर रिव्हर्स येत होता. साक्षीने गोल पाहिला आणि मी शिकवलं तसंच केलं. इकडेतिकडे न बघता वेग वाढवला.

मी सायकल फेकली आणि धावत जाऊन गोलात उभा राहिलो. "साक्षी, थांब!"

तिने करकचून ब्रेक दाबला. मला बाजूला होता आलं असतं. पण गोल आज रिकामा राहिला तर उद्याही माणसाची वाट बघेल, आणि रस्ता बदलला तरी माझ्या पोरीच्या आधी तिथे जाऊन बसेल.

"बाबा, टँकर बघा!" ती ओरडली.

मी तिच्याकडेच बघत राहिलो.