थॅडियसचा डावा पाय

"अख्ख्या नेवर्क शहरात माझ्या डाव्या पायासारखा पाय दाखवा, मी ऑर्गन सोडून शेंगदाणे विकतो!"

थॅडियसने हे जाहीर केलं ते रविवारी, चर्च सुटल्यावर, ओडेलाबाईंच्या बारमध्ये. त्याची पहिली रेकॉर्ड आली होती, निम्मा मोहल्ला ऐकायला जमलेला.

आमच्या तिघांच्या बँडमध्ये बासवाला, म्हणजे खालचे जाड सूर धरणारा, कधी नव्हताच. मी ड्रमवर, लोंझो गिटारवर, आणि बास म्हणजे ऑर्गनखालच्या पट्ट्यांवर नाचणारा थॅडियसचा पाय. त्या पायाचा पातळ तळव्याचा बूट तो उशीच्या अभ्र्यात ठेवायचा. रेकॉर्ड कंपनीने लांब केसवाल्या इंग्रज पोरांची गाणी वाजवायला लावली, तेव्हा आठवडाभर कण्हला. मग म्हणाला, "गाणी त्यांची असू दे, पाय तर माझा!"

रेकॉर्डच्या कव्हरवर मोटारसायकलवर बसलेली पिवळ्या बुटांची पोरगी होती.

"तू कुठायस रे?" ओडेलाबाईंनी विचारलं.

"मागे. बारीक अक्षरात."

तेही त्याने गिळलं. बाईंनी सुई टेकवली. ऑर्गन घुमला, लोक डोलायला लागले आणि थॅडियसचा चेहरा उतरला.

"हा पाय माझा नाही!"

खरंच नव्हता. ती बास गिटार होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी बोट घसरवत सूर खाली आणायची खोड तर आम्ही रोज ऐकत होतो. लोंझोने तोंडातला तळलेल्या कोंबडीचा पंख चघळायचं थांबवलं.

"लोंझो, तू?"

"कंपनीवाल्यांनी नंतर बोलावलं, भाऊ. म्हणाले, रेकॉर्डवरून पाय पुसून टाकू, पोरांना आजकाल असला बास लागतो."

"बारा वर्षं माझ्या ऑर्गनचं दुसरं टोक उचललंस, आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर वाजवू दिलं असतंस?"

"मेलो तरी नाही!"

"मग?"

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "बास झकास आहे रे! परत लावा!"

थॅडियसने अभ्र्यातून बूट काढला, नाडी करकचून बांधली आणि स्टेजवरच्या ऑर्गनला बसला. "बंद करा ते! आता खरा पाय ऐका!"

सगळा राग त्याने पहिल्याच सुरात घातला. पायाखालची पट्टी मधोमध मोडली, बूट आत अडकला.

बूट कापून काढावा लागला. उरलेल्या दुपारी बास लोंझोनेच वाजवला.