सहा सेकंदांचा श्वास

मित्रांनो, इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या थंड खोलीतला मी एक जुना सीटी स्कॅनर आहे. मोठ्या खोक्यांतून सुटा सुटा आलो, आठ दिवसांत जोडला गेलो. डॉक्टर तेव्हा माझ्या चित्रांवर खूश असत. मग शेजारी एमआरआय आला आणि मी ‘म्हातारबा’ झालो.

एका दुपारी एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. तिला चार महिने कोरडा खोकला होता, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या नावाची होती. पण काका मला चालवणाऱ्या ताईंना म्हणाले, “त्या शेजारच्या मशीनमध्ये करा ना. याचे किरण वाईट असतात म्हणे.”

“किरण असतात, खोटं कशाला सांगू? पण काका, फुफ्फुसात हवाच जास्त, आणि एमआरआयला हवेचं चित्र नीट मिळत नाही. तिथे बराच वेळ पडून राहायचं, पुन्हा पुन्हा श्वास रोखायचा. आमचा म्हातारबा काही सेकंदांत बारीकसारीक दाखवतो. काकू, दहा सेकंद श्वास धराल?”

“धरीन की.”

मला धास्ती वाटली. चित्र हललं तर पुन्हा किरण द्यावे लागणार. माझ्या सरकत्या फळीवर आडव्या होताच काकूंची छाती भराभर हलू लागली. मला दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं.

ताईंनी आधी सराव घेतला. मध्येच काकूंना खोकल्याची उबळ आली.

“अगं, खरं सांग, किती धरता येतो?” काकांनी विचारलं.

“सहापर्यंत. रोज मोजते.”

“रोज? आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही मग जेवत नाही नीट.”

“आधी सांगायचं ना, काकू!” ताई म्हणाल्या. “आता खालून वर घेते. फुफ्फुसाचा खालचा भाग जास्त हलतो, तो आधी उरकू.”

काकांना बाहेर पाठवून त्यांनी दार लावलं. मी फिरलो. पाचव्या सेकंदाला काम झालं. चित्र स्वच्छ होतं. दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी आजाराच्या व्रणांची जाळी पसरली होती, आणि ती चार महिन्यांची नाही, बरीच जुनी वाटत होती.

“चांगलं आलं ना?” काकांनी दारातच विचारलं.

“चित्र चांगलं आलंय,” ताई म्हणाल्या. मग काकूंना फळीवरून उठायला हात दिला.

मित्रांनो, समोर आणाल तेवढंच मला दिसतं, आणि उशिरा आणलंत तर नुसतंच दिसतं. घरात कुणाला धाप लागत असेल तर विचारा. आई “काही नाही रे” म्हणाली, तरी स्वयंपाकघराच्या दारातून लगेच हलू नका. पुन्हा विचारा.